खाडा

दुष्काळ पडला की बादल्या खपतात. पाऊसपाणी बरं असलं की माणसं गळक्या बादलीला डांबर लावून वर्ष ढकलतात. विहिरी आटल्या की मात्र घरात असतील नसतील तेवढी भांडी कमी पडतात, कारण टँकर घटकाभर थांबतो आणि तेवढ्यात भरून घ्याल तेच तुमचं. त्या वर्षी सगळा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसला होता आणि बादल्यांच्या कारखान्यात कुणाला मान वर करायला सवड नव्हती. दुसऱ्याच्या तहानेवर आपली चूल पेटते हे तोंडाने बोलायला बरं वाटत नाही. पण पेटत होती खरी.

कारखाना म्हणजे माळावरची पत्र्याची एक लांब शेड. एका टोकाला पत्रा कापून, वाकवून, रिवेट मारून बादल्या, टब, पिंपं आणि झाऱ्या उभ्या करायचे. मधे ॲसिडचे हौद. तिथे काळा पत्रा धुऊन उजळ करायचा. दुसऱ्या टोकाला भट्टीवर बसवलेली कढई, माणूस आडवा झोपेल एवढी, आणि तिच्यात वितळलेलं जस्त. धुतलेली बादली चिमट्यात धरून त्या जस्तात बुडवायची, फिरवायची, वर काढून झटकायची आणि गार पाण्याच्या टाकीत सोडायची. जस्ताचा थर बसला की लोखंडाला गंज धरत नाही.

हे बुडवायचं काम ज्याचं, तो बुडव्या. नवा माणूस कामावर आला की कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचंच, याच्याशी व्यवहार जपून कर बाबा, नावातच सगळं आलं. बुडव्याही हसायचा. त्याने आयुष्यात कुणाचं काही बुडवलं नव्हतं. त्याच्या आधी हा चिमटा त्याच्या बापाच्या हातात होता आणि तेव्हा बापाला बुडव्या म्हणत. मग एकदा ओली बादली कढईत गेली, जस्त उडालं आणि बापाच्या दोन्ही हातांवर बसलं. कातडी आली, पण बोटं वाकायची राहिली. तेव्हापासून नाव आणि चिमटा पोराकडे गेला आणि बापाला सगळे आबा म्हणायला लागले. बुडव्याची बायको ॲसिडच्या हौदावर होती. ती धुऊन द्यायची, तो बुडवायचा. दिवसभर एकमेकांच्या समोर, पण धुरात तोंड दिसायचं नाही.

त्यांना एकच मूल. दीड वर्षाची पोर. जिच्या मांडीवर बसेल तिला भिजवून उठायची. मुकादमाच्या स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यालाही तिने सोडलं नव्हतं. म्हणून पत्रेवाल्यांनी तिचं नाव पाडलं झारी, आणि मग घरचेही झारीच म्हणायला लागले. बुडव्याने तिच्यासाठी मुठीएवढी एक झारी बनवून घेतली होती आणि स्वतःच्या हाताने जस्तात बुडवून दिली होती. पाणी नसायचंच, तरी ती पोर रिकामी झारी घेऊन दारातल्या धुळीवर शिंपत बसायची.

कढईवरच्या माणसाला एक ताप येतो. तो बाहेर कुणाला ठाऊक नसतो. जस्तावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, तो रोज छातीत गेला की अंगवळणी पडतो. पण एखादा दिवस सुट्टी घेऊन माणूस पुन्हा कढईवर उभा राहिला, की संध्याकाळी त्याला पाणी गोडसर लागायला लागतं. मग पाठीतून थंडी येते, दातावर दात वाजतात, चार गोधड्या घातल्या तरी अंग ठरत नाही. रात्र अशी जाते. सकाळी घाम फुटतो आणि माणूस खडखडीत बरा होतो, इतका की उठल्या उठल्या दोघांचं जेवण एकटा जेवतो. सुट्टीनंतर येतो म्हणून त्याला सोमवारचा ताप म्हणतात. मंगळवारी तोच धूर, पण काही होत नाही. आबा म्हणायचे, जस्ताला खाडा चालत नाही. रोज जाल तर ते तुमचं, एक दिवस चुकलात की डूख धरतं. आबांनी हे पोराला चिमटा देताना सांगितलं होतं आणि पोराने ते अंगावर काढून बघितलं होतं.

टँकर कारखान्यात रोज यायचा, कारण गार करायला आणि धुवायला पाणी लागतं. कामगारांच्या खोल्यांची ओळ शेडच्या मागे होती. तिथे एक हापसा होता. त्याला आधी पाणी यायचं, मग तांबूस पाणी यायला लागलं, मग दमून हापसल्यावर हंडाभर गढूळ. ॲसिडच्या हौदांचं सांडपाणी आणि खोल्यांची मोरी दोन्ही त्याच बाजूला मुरत होती. ते दिसत सगळ्यांना होतं, पण दुसरं पाणी नव्हतं.

एका दुपारी बुडव्याच्या बायकोने टँकरच्या नळीखाली घरची कळशी धरली. झारी कडेवर होती. मुकादमाने बघितलं. तो ओरडला नाही. तो वाईट माणूसही नव्हता, फक्त त्याला मालकाला जाब द्यायचा होता. त्याने सगळ्यांसमोर बोट दाखवून कळशी टाकीत ओतायला सांगितली.

"माणसाची तहान थांबते, बाई," तो म्हणाला. "बादली तापलेली असताना पाणी नसेल तर माल जातो."

तिने ओतली. झारी कडेवरून पाण्याकडे वाकली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. बुडव्या कढईपाशी चिमटा धरून उभा होता. बादली जस्तात होती आणि ती आता काढली नसती तर थर जाड बसला असता. त्याने बादली काढली, झटकली आणि बायकोने नुकतंच ओतलेलं पाणी होतं त्याच टाकीत सोडली. त्या संध्याकाळी तो तिच्याशी बोलला नाही. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती बायकोवर राग काढून बाहेर पडत होती.

त्यानंतर लवकरच झारीला जुलाब लागले. आधी कुणी मनावर घेतलं नाही. झारीच ती, गळायचीच, असं पत्रेवाले म्हणाले. मग पाण्यासारखे व्हायला लागले. पोर निपचित पडली आणि टाळू आत गेली. आई हौदावरून दर थोड्या वेळाने पळत यायची, हात धुवायची, पोरीला कोरडं करायची, पुन्हा पळायची. ॲसिडने तिच्या बोटांची सालं निघाली होती, त्यामुळे पोरीच्या अंगाला हात लावताना ती मनगटाने लावायची.

सुदैवाने नर्सबाईंची फेरी होती. या बाई एका स्कूटरवर सगळा माळ पालथा घालायच्या आणि कधीच पुरे पडायच्या नाहीत. त्यांनी पोरीला बघितलं, मीठसाखरेच्या पाकिटाचं पाणी करून वाटी-चमच्याने पाजायला बसवलं, पाणी उकळूनच घ्या, दूध तोडू नका, असं बजावलं. मग पिशवीतून गोळ्यांची एक पट्टी काढली. रोज एक गोळी, चमचाभर पाण्यात विरघळवून. जुलाब थांबले तरी थांबवायची नाही, पट्टी संपेपर्यंत द्यायची.

बुडव्या जेवणाच्या सुट्टीत येऊन दारात उभा होता. त्याने विचारलं, कसली गोळी आहे.

"जस्ताची," बाई म्हणाल्या.

तो हसला, कारण त्याला वाटलं बाई त्याची थट्टा करतात. कारखान्यात सगळेच करायचे. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की जस्त अंगात सगळ्यांच्याच असतं, कणभर असतं. जुलाबात ते वाहून जातं आणि मग पोर पुन्हा पुन्हा आजारी पडतं. तेवढं भरून काढायचं, बाकी काही नाही.

बुडव्याने पोरीकडे बघितलं. ज्याचा धूर त्याच्या बापाने आणि त्याने दोन पिढ्या गिळला, ते हिच्या पोटात घालायचं, हे त्याला पटेना. पण पोर डोळ्यांसमोर पडली होती आणि बाई शिकलेल्या होत्या. कढईवरचा माणूस जे विचारेल तेच त्याने विचारलं.

"आणि खाडा पडला तर?"

बाई स्कूटरची किल्ली शोधत होत्या. पुढे अजून दोन वस्त्या राहिल्या होत्या.

"खाडा पडू द्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही."

बुडव्याने मान हलवली. हे त्याला समजलं. शिकलेल्या बाईने आणि आबांनी एकच गोष्ट सांगितली म्हटल्यावर त्याचा बाईंवर विश्वास बसला.

झारी उठली. पाकिटाच्या पाण्याने तोंडात लाळ आली, डोळे वर आले, जुलाब आटोक्यात आले. आई रोज कामावर जाण्याआधी चमच्यात गोळी विरघळवायची, आणि झारी तोंड वाकडं करून गिळायची. पत्रेवाले म्हणाले, आता ही पोरगी गंजायची नाही. बुडव्याही हे चारचौघांत सांगायला लागला. कढईतून वर काढलेली बादली झटकताना तो म्हणायचा, आमच्या घरात आता आतूनही जस्त चढवतात. खूप दिवसांनी त्याच्या तोंडात विनोद आला होता. झारी पुन्हा लोकांच्या मांड्या भिजवायला लागली आणि आईने पहिल्यांदाच त्यावरून तिला चापट मारली नाही.

मग कारखान्याचाच टँकर आला नाही. मुकादमाने हौदावरच्या बायकांना पाणी आणायला धरणाच्या बाजूच्या रस्त्यावर पाठवलं. तिथे दुसरे टँकर भरायचे, त्यातला एक वळवून आणायचा होता. बायका पहाटेच निघाल्या. बुडव्या भट्टी पेटवायला त्याहून आधी गेला होता. जाताना आईने सासऱ्यांना पट्टी दाखवून सांगितलं, आबा, उठली की एक गोळी काढा, चमच्यात घाला. आबांनी हो म्हटलं.

झारी उठली. आबांनी पट्टी घेतली. गोळी बाहेर काढायला मागून अंगठ्याने दाबावं लागतं. आबांचा अंगठा दाबत नव्हता. त्यांनी तळहाताने दाबून बघितलं, मग जमिनीवर ठेवून कोपराने दाबलं, मग दातात धरली तर दात नव्हते. शेजारीण घरातच होती. तिला हाक मारली असती तर तिने क्षणात काढून दिली असती. पण ज्या हातांनी एकेकाळी तापलेलं पिंप एकट्याने उचललं, त्या हातांनी एक गोळी निघत नाही हे शेजारणीला सांगायला आबा तयार नव्हते. त्यांनी पट्टी पुन्हा डब्यात ठेवली. नातीला मांडीवर घेऊन ते दिवसभर बसून राहिले.

बायका दिवेलागणीला परतल्या. उभं राहून राहून त्यांचे पाय सुजले होते आणि टँकर काही वळला नव्हता. आबांनी सुनेला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डबा उघडला आणि तिच्या लक्षात आलं. तिने आबांकडे बघितलं, आबांनी हात पदराखाली लपवावेत तसे धोतराखाली घेतले. तिने गोळी चमच्यात टाकली.

तेवढ्यात बुडव्याने चमचा धरला.

"काल दिली नाही?"

"राहिली. आज देते."

"आता द्यायची नाही."

तिला कळेना. ती म्हणाली, बाईंनी रोज द्यायला सांगितली आहे. तो म्हणाला, रोज म्हणाल्या ना, मग रोज झालं का? खाडा पडला. खाडा पडू द्यायचा नाही असं बाईंनी तुझ्यासमोर सांगितलं, अजिबात नाही म्हणाल्या. त्याने आबांकडे बघितलं. आबा स्वतःच्या चुकीने आधीच निम्मे झाले होते, आणि या एका गोष्टीत तरी त्यांचा शब्द अजून चालत होता.

"डूख धरतं ते," आबा म्हणाले. "मोठ्या माणसाला हलवून टाकतं. ही तर एवढीशी."

"गोळी आहे ती. कढई नाही," सून म्हणाली.

"जस्त ते जस्त," बुडव्या म्हणाला.

तो जुलूम करत नव्हता. तो घाबरला होता. सोमवारच्या तापात आपले दात कसे वाजतात, बरगड्या कशा दुखतात, रात्र कशी सरत नाही, हे त्याच्या अंगाला माहीत होतं, आणि ते सगळं त्या पोरीच्या अंगात घालायचं ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. त्याचं तिच्यावर इतकं प्रेम होतं की त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. शिवाय पोर हसतखेळत होती, जुलाब थांबले होते. बऱ्या माणसाला औषध कशाला, असंही तो म्हणाला.

बायको आपल्यामागे गुपचूप देईल हे त्याला ठाऊक होतं. तिच्या जागी तो असता तर त्यानेही दिली असती. म्हणून कामावर जाताना त्याने डब्यातली पट्टी खिशात घातली आणि कढईशी उभा राहून जस्तावर टाकली. पट्टीची चांदी चुरचुरली, थोडा धूर आला, काळा कागद पृष्ठभागावर फिरत राहिला. त्याने झाऱ्याने राखेबरोबर तो बाजूला ओढला. हौदावरून बायको बघत होती. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं. ती दिवसभर बादल्या इतक्या जोरात घासत होती की मुकादमाने येऊन तिचं कौतुक केलं.

उन्हाळा चढत गेला. झारी हिंडत होती, पण भरत नव्हती. हात-पाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे. ताटातलं दोन घास खायची आणि उठायची. आई म्हणायची, हिचं अंग धरत नाही. बुडव्या म्हणायचा, उन्हाळ्यात कुणाचं धरतं. दोघेही त्या पट्टीचं नाव काढत नव्हते.

हापसा पूर्ण कोरडा पडायच्या आधी त्याला शेवटचं जे पाणी आलं त्याला वास होता. आई उकळायची. पण दिवसभर पोर आबांजवळ असायची, आणि ओळीतल्या कोणत्या घरातल्या कोणत्या भांड्याला ती तोंड लावते हे कोण बघणार? एका सकाळी तिला उलटी झाली आणि लगेच जुलाब सुरू झाले. आदल्या वेळचं एक पाकीट आईने जपून ठेवलं होतं. तिने ते उकळलेल्या पाण्यात कालवलं आणि चमचा तोंडाशी नेला. झारीने तोंड फिरवलं. जे गेलं ते उलटून आलं. आई म्हणाली, आत्ताच दवाखान्यात नेऊ. पण पिंपांची मोठी मागणी होती, कढई भरलेली होती, आणि कढईवरचा माणूस मधेच गेला तर धुतलेला पत्रा पडल्या पडल्या गंजतो. मुकादमाने संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. मागच्या वेळीही बरी झाली होती, असं बुडव्या म्हणाला. त्यालाही ते खरं वाटत होतं.

संध्याकाळी ती रडायची थांबली, तेव्हा त्यांना बरं वाटलं. अंधारात माळावरून सायकल हाकणं जमण्यासारखं नव्हतं. उजाडताच ती दोघं निघाली. तो सायकल मारत होता, ती मागे पोरीला पोटाशी धरून बसली होती. रस्ताभर दोघांत फक्त एवढंच बोलणं झालं की तो विचारायचा, आहे ना? आणि ती म्हणायची, आहे.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. त्याने डोळे बघितले, जीभ बघितली आणि विचारलं, लघवी कधी झाली होती.

आईने आठवून बघितलं. काल सकाळी? नाही, ते जुलाब होते. दुपारी आबांच्या मांडीवर होती, आबांचं धोतर कोरडं होतं. रात्रीची चादर कोरडी होती. सायकलवर तिचं स्वतःचं लुगडं कोरडं होतं. झारीला लघवी कधी झाली हे दोघांनाही सांगता येईना.

डॉक्टर आणि नर्स शीर शोधत राहिले, हाताला, पायाला, मग डोक्याला. त्यांनी आपल्याकडून काही कमी केलं नाही. दुपार व्हायच्या आत झारी गेली.

नर्सबाई घरी आल्या त्या त्यांच्या नेहमीच्या फेरीत. त्यांना दवाखान्यात कळलं होतं. त्या उंबऱ्याशी बसल्या. मग त्यांनी, विचारावं लागतं म्हणून, गोळ्या पूर्ण झाल्या होत्या का, असं विचारलं.

"खाडा पडला होता," आई म्हणाली.

"मग दुसऱ्या दिवशी द्यायची. एक चुकली तर पुढची द्यायची, एवढंच."

बुडव्या भिंतीला टेकून बसला होता. तो पहिल्यांदाच बोलला. खाडा पडू द्यायचा नाही असं बाईच म्हणाल्या होत्या, याची त्याने आठवण करून दिली. आवाजात राग नव्हता; बरोबर ऐकलं होतं की नाही एवढं त्याला पक्कं करायचं होतं. बाई म्हणाल्या, हो, म्हणाले होते, विसरू नका या अर्थाने. मग त्याने त्यांना सोमवारचा ताप सांगितला. खाड्यानंतर जस्त कसं डूख धरतं ते सांगितलं. बाई इतकी वर्षं या माळावर फिरत होत्या, पण हा ताप त्यांना कुणी सांगितला नव्हता आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"तो धुराचा असतो, दादा," त्या म्हणाल्या. "छातीत जातो म्हणून. गोळी पोटात जाते. तिला खाडा पडला काय, नाही पडला काय, ताप येत नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी थांबून ऐकायला हवं होतं."

आबा कोपऱ्यात होते. त्यांनी विचारलं, पट्टी पुरी झाली असती तर वाचली असती का.

"ते मला सांगता येणार नाही, आबा. पुन्हा जुलाब लागायची भीती कमी झाली असती. एवढं खरं आहे."

बाई खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या बोलल्या नाहीत. जाताना त्या आबांच्या हातांकडे बघून थांबल्या, आणि मग स्कूटरकडे गेल्या.

बुडव्या काही दिवस कामावर गेला नाही. मुकादमाने पत्रेवाल्यांतला एक माणूस कढईवर उभा केला, पण त्याच्या हातून थर खडबडीत यायला लागला. मग मुकादम स्वतः खोलीवर आला, दारात उभा राहिला, वाईट झालं म्हणाला आणि कधी येतोस म्हणून विचारलं. बुडव्या दुसऱ्या दिवशी गेला. जाताना आबा एवढंच म्हणाले की आज डूख धरेल. त्याने मान हलवली.

दिवसभर त्याने पिंपं बुडवली. नवसागर टाकला, धूर उठला, त्याने तोंडाला फडकं बांधलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तो पाणी प्यायला आणि ते गोड लागलं. तो आडवा झाला. थंडी पाठीतून चढली, मग दात वाजायला लागले. बायकोने घरातल्या सगळ्या गोधड्या त्याच्या अंगावर टाकल्या. शेवटी एक लहान गोधडी उरली होती, झारीची. तीही तिने त्याच्या पायांवर घातली. गोधड्यांखाली तो कापत होता आणि त्याला एकच दिसत होतं, की आपण हे तिच्या अंगात येऊ नये म्हणून केलं. हेच. हे एवढंच. बायको उशाशी बसून राहिली. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला नाही, आणि ती उठूनही गेली नाही.

पहाटे घाम फुटला. उजाडलं तेव्हा ताप उतरला होता, डोकं हलकं झालं होतं, अंगात कुठे काही दुखत नव्हतं. तो उठून बसला. बायको चुलीशी होती. तिने पाठमोरीच विचारलं.

"उतरला?"

"उतरला."

"सकाळी उतरतोच तो," ती म्हणाली. भांड्यातला भात तिने ताटात काढला, ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर बसली. "एक रात्र कापली असती ती. मी घेऊन बसले असते."

आबा दारात बसले होते. त्यांनी ऐकलं आणि बाहेर बघत राहिले. धुळीत ती मुठीएवढी झारी पडली होती. शेडमधून रिवेटांचे घाव ऐकू यायला लागले होते. आज कढईवर काही होणार नव्हतं. खाड्यानंतर कामाच्या दुसऱ्या दिवशी जस्त काही करत नाही.

बुडव्या ताटाकडे बघत बसला. त्याला त्या भाताची शिसारी आली असती तर बरं झालं असतं. पण ताप उतरला की भूक लागते, तशी त्याला लागली होती. त्याने ताट ओढलं आणि सगळं जेवला.